साखर सोडली, तरी खाज का जात नाही?

वाचकांचं पत्र

डॉक्टरताई, नमस्कार. माझं वय ४८, बडोद्यात कारेलीबागला राहते. दोन वर्षांपासून कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी आणि दोन्ही जांघांत गजकर्णाचे चट्टे आहेत. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, सोडली की दुप्पट उठतं. गेल्या दिवाळीत मधुमेहाची गोळी बदलली, त्यानंतर काही महिन्यांत दुसराच त्रास सुरू झाला. अंगावरून दह्याच्या गाठींसारखं पांढरं जातं आणि लघवीच्या जागी आग होते. गोळी घेतली की थांबतं, पुन्हा येतं.

नणंदेची मुलगी सिंगापूरला असते. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंना असाच त्रास होता तो चिनी औषधाने गेला, म्हणून तिने मलाही ‘लोंग दान श्ये गान तांग’ नावाच्या काढ्याच्या पुड्या, एक मलमाची डबी आणि खाण्याचा तक्ता पाठवला. साखर, गूळ, फळं, भात, पोळी, दूध, दही सगळं बंद. ढोकळा, हांडवो, इडली, ब्रेड असं आंबवलेलं तर अजिबात नाही. बुरशीला उपाशी ठेवायचं म्हणे. दीड महिना मुगाचं कढण आणि उकडलेल्या भाज्यांवर आहे. वजन उतरलं, साखर मशीनवर १४०-१५० येते, पण खाज तशीच आहे. हल्ली मळमळतं आणि जिना चढताना दम लागतो. काढ्याने छातीत जळजळतं म्हणून ॲसिडिटीची गोळीही घेते.

मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन आणि रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या, त्यांनीही गुण नाही. त्या बंद करून काढाच नेटाने तीन महिने घेऊ का? पथ्यात माझंच कुठे चुकतंय का? यांनाही आता मांडीला खाज येते. आणि नवरात्र जवळ आलंय. नऊ दिवसांचा उपास आणि गरबा जमेल का?

– एक भगिनी, बडोदा

उत्तर

ताई,

तुम्ही विचारलेल्या क्रमाने मी उत्तर देत नाहीये. मळमळ आणि दम लागणं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण पत्र वाचताना माझा जीव तिथेच अडकला. हे वाचून झालं की लगेच तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा आणि दोन गोष्टी एका दमात सांगा. मी डापाग्लिफ्लोझिन घेते आहे, आणि दीड महिना मी पोळी, भात, फळं काहीच खाल्लेलं नाही. यातली एकच सांगितलीत तर धोका त्यांच्या लक्षात येणार नाही. दोन्ही एकत्र ऐकल्या की ते तुम्हाला लगेच बोलावतील.

कारण सांगते. रक्तातली साखर मूत्रपिंडात गाळली जाते आणि जवळजवळ सगळी परत रक्तात ओढून घेतली जाते. डापाग्लिफ्लोझिनची गोळी ते परत ओढणं अडवते. त्यामुळे रोज साधारण ७० ग्रॅम साखर, म्हणजे चौदा-पंधरा चमचे, लघवीवाटे निघून जाते. गोळी चांगली आहे. हृदयाला आणि मूत्रपिंडांनाही तिचा फायदा होतो, म्हणून ती आता बऱ्याच जणांना दिली जाते. पण एकीकडे गोळी साखर बाहेर टाकते आणि दुसरीकडे ताटातून पिष्टमय काही येतच नाही, असं झालं की शरीर चरबी जाळायला घेतं. त्यातून कीटोन तयार होतात, ते साचत गेले की रक्तातलं आम्ल वाढतं. एरवी मधुमेहात हा प्रकार होतो तेव्हा साखर तीनशे-चारशेच्या वर गेलेली असते, घरातलं कोणीही घाबरून दवाखान्यात नेतं. या गोळीवर असताना मात्र मशीन दीडशे-दोनशे दाखवत राहतं आणि आत कीटोन वाढत जातात. म्हणून तुमच्या १४०-१५० या आकड्यावर विसंबू नका.

मळमळ वाढली, उलटी झाली, पोटात दुखायला लागलं, श्वास जोरजोरात चालू लागला, तर फोनचीही वाट पाहू नका. तडक इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा, गोळीचं पाकीट हातात घेऊन जा आणि रक्तातले कीटोन तपासायला सांगा. ज्या दिवशी अन्न जात नाही, त्या दिवशी ही गोळी सहसा थांबवतात. तुमच्यासाठी तो नियम कसा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि आज संध्याकाळपासून पोळी-भाजी, वरण-भात जेवायला लागा. दीड महिन्याच्या कडक पथ्यानंतर थोडं थोडं, पण जेवा.

आता खाजेकडे वळू. तुम्हाला एक आजार नाही, दोन आहेत. दोन्हींना बुरशीच म्हणतात, पण त्या बुरशी वेगळ्या, त्यांचं खाणं वेगळं आणि परत परत येण्याची कारणंही वेगळी. एकाच काढ्याने आणि एकाच तक्त्याने दोन्ही जातील असं धरून चालल्यामुळे तुमचे इतके दिवस हालात गेले.

लघवीच्या जागेची आग आणि दह्यासारखा स्राव हे बहुधा कॅन्डिडाचं काम. ही यीस्टसारखी बुरशी बहुतेक बायकांच्या अंगात थोड्या प्रमाणात असतेच, आणि साखर मिळाली की फोफावते. तुम्ही ताटातली साखर सोडली. पण गोळीमुळे तीच साखर रोज त्याच जागेवरून वाहते आहे. दिवाळीत गोळी बदलली आणि काही महिन्यांत हा त्रास सुरू झाला, हे तुम्हीच लिहिलंय. ज्या गोळ्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो, त्या सगळ्यांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होतो. बायका लाजेने मधुमेहाच्या डॉक्टरांना हे सांगत नाहीत, त्वचेच्या डॉक्टरांना मधुमेहाच्या गोळ्यांची नावं सांगत नाहीत, आणि दोघांच्या मधे दुखणं तसंच पडून राहतं. तुम्ही सगळ्या गोळ्या नावानिशी लिहिल्यात म्हणून मला हे दिसलं.

मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडांसाठी ती मुद्दाम दिली असेल तर चालू ठेवून उपाय करता येतो. नुसती साखरेसाठी दिली असेल तर दुसऱ्या जातीची गोळी मिळू शकते. हा निर्णय डॉक्टरांचा, पण हा त्रास होतो हे सांगणं तुमच्या हातात आहे. तोवर लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा. साबण, डेटॉल, कडुनिंबाचा काढा यातलं काही आत वापरू नका. वर्षातून तीन-चार वेळा हा त्रास होत असेल तर दर वेळी एक गोळी घेऊन भागत नाही, आठवड्याला एक अशी सहा महिने चालणारी उपचाराची पद्धत आहे. ती सुरू करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या आणि स्रावाची कल्चर चाचणी, म्हणजे बुरशी वाढवून तिची जात ओळखण्याची चाचणी, करा. कॅन्डिडाच्या काही जाती नेहमीच्या गोळीला दाद देत नाहीत. शिवाय तुमच्या वयात त्या जागेची प्रत्येक खाज बुरशीचीच असते असं नाही.

कमरेची आणि जांघेची बुरशी अगदी निराळी. ती त्वचेच्या वरच्या थरातलं केराटिन खाते, ज्यापासून केस आणि नखं बनतात ते. तिला तुमच्या ढोकळ्याशी काही देणंघेणं नाही. साखर बेताबाहेर असेल तर त्वचेची प्रतिकारशक्ती कमी पडते हे खरं, पण तुमची साखर ठीक असून चट्टे हलत नाहीत. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि माझा पहिला संशय तुमच्या कपाटातल्या त्या ट्यूबवर आहे.

ट्यूब उजेडात धरून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉईड आहे. त्याच्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषधही एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉईड खाज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून दोन दिवसांत आराम पडतो. पण त्याच वेळी ते त्वचेची लढण्याची ताकदही दाबतं, आणि बुरशी आतल्या आत पसरते. ट्यूब सोडली की दुप्पट उठतं, हे तुमचं वाक्य त्याचीच खूण आहे. जांघेत पांढरट किंवा जांभळ्या रेघा उमटल्या असतील, कातडी पातळ झाली असेल, तर तेही या ट्यूबमुळेच. त्या रेघा पुढे फिकट होतात, पुसल्या जात नाहीत. २०१८च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असं जाहीर केलं. तरी ती दुकानात मागून मिळतात, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जातात. मला या गोष्टीचा फार राग येतो. माझ्याकडे येणाऱ्या हट्टी गजकर्णाच्या रुग्णांतले कितीतरी जण पिशवीतून अशा चार-पाच ट्यूबा काढून टेबलावर ठेवतात.

आपल्या देशात गेल्या दहा-बारा वर्षांत गजकर्ण बदललंय, हेही खरं. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारे चट्टे आता महिनोन्महिने राहतात. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमध्ये सापडलेल्या एका बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन हे एरवी हमखास लागू पडणारं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. तुमच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल निवडलं ते बहुधा याचसाठी.

मग त्यानेही गुण का नाही? इथे तुमचं पथ्य आडवं आलं असावं. ही कॅप्सूल भरल्या पोटी, पूर्ण जेवणानंतर घ्यायची असते, आणि विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. तुम्ही ती मुगाच्या कढणावर घेताय आणि वर आम्ल कमी करणारी गोळी घेताय. कॅप्सूलमधलं औषध रक्तात पुरतं पोहोचलेलंच नाही असं मला वाटतं. काढ्यामुळे जळजळ, जळजळीमुळे ॲसिडिटीची गोळी, आणि त्या गोळीमुळे कॅप्सूल वाया, अशी ही साखळी आहे. त्वचेच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. तुमच्या इतर गोळ्याही सांगा, कारण इट्राकोनॅझोलमुळे ॲटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायू दुखू शकतात. ॲम्लोडिपिनचंही वाढतं आणि पाय सुजतात. हृदय कमजोर असेल तर हे औषध देतच नाहीत, म्हणून दम लागण्याचं त्यांच्याही कानावर घाला. मध्येच सोडलेला कोर्स हे गजकर्ण परत येण्याचं दुसरं मोठं कारण असतं. चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यावं लागतं.

त्याआधी एक सोपी चाचणी करून घ्या. चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून पोटॅशच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थोड्या वेळात कळतं, फारसा खर्च नाही. खासगीत जायचं नसेल तर सयाजी रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवा. जाण्याआधी काही दिवस चट्ट्यांवर काहीही लावू नका, म्हणजे बुरशी असेल तर ती दिसेल. स्टेरॉईडची ट्यूब थांबवली की पहिला आठवडाभर लाली आणि खाज वाढेल. तेव्हा घाबरून पुन्हा ट्यूब उघडू नका, आणि ‘विष बाहेर पडतंय’ असं कोणी म्हटलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. दाबून ठेवलेली सूज वर आलेली असते एवढंच. फार झालं तर डॉक्टर खाजेची साधी गोळी देतील.

आता चिनी काढा. तुमच्या भाचीने ही पुडी प्रेमाने पाठवली, आणि अगदी निराधारही पाठवली नाही. चिनी वैद्यकात या दुखण्याला ओलसर उष्णता म्हणतात. शरीराच्या खालच्या भागात ओल आणि उष्मा साचला की खाज, आग, स्राव होतो अशी ती कल्पना आहे, आणि लोंग दान श्ये गान तांग हा दहा वनस्पतींचा काढा त्यासाठी खरोखरच वापरला जातो. भाद्रपदातल्या बडोद्याच्या हवेत राहणाऱ्या बाईला ती कल्पना लगेच पटेल. त्या परंपरेविषयी मला आदर आहे. पण त्याच परंपरेत वैद्य जीभ पाहतो, नाडी पाहतो, भूक, झोप, शौच विचारतो आणि त्या माणसासाठी काढा बांधतो. सिंगापूरमध्ये अशा वैद्यांची नोंदणी २००० सालच्या कायद्याने होते. एका बाईचा काढा दुसरीला टपालाने पाठवणं हे त्या शास्त्रातही बसत नाही. हा काढा अतिशय कडू आणि थंड गुणाचा मानतात. पचन दुबळं असलेल्याला देत नाहीत, इतरांनाही थोडेच दिवस देतात. तुमची मळमळ आणि गळून गेलेपण पाहिल्यावर चांगल्या चिनी वैद्यानेच तो आधी थांबवला असता.

त्यातल्या वस्तूंकडे पाहा. चे छ्येन त्स हे बी आपल्या उत्तर गुजरातेत पिकणाऱ्या इसबगोलाचं भाऊबंद, त्याने काही बिघडत नाही. गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमधाचीच जात. घसा बसल्यावर कांडी चघळणं वेगळं, आणि आठवडेच्या आठवडे रोज काढ्यातून घेणं वेगळं. त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, आणि तुम्हाला रक्तदाब आहे. हुआंग छिन या मुळीमुळे क्वचित काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

सगळ्यात जास्त काळजी मला मु तोंगची वाटते. या नावाखाली पूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या वेली विकल्या जात. त्यांतल्या एकीत, मांचुरियातल्या ॲरिस्टोलोकियात, असं आम्ल असतं की ते मूत्रपिंडं कायमची निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. जगाला हे कळलं ते बेल्जियममधून. ब्रुसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या एका उपचारात चिनी वनस्पतींची गल्लत झाली, एकीच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली, आणि तरुण बायकांची मूत्रपिंडं गेली. १९९३ साली हे प्रसिद्ध झालं, पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. खुद्द चीनने २००३ मध्ये ती मांचुरियन वेल औषधांतून काढून टाकली. आता चांगल्या कंपन्या निरुपद्रवी अकेबिया वापरतात. तुमच्या पुडीत कोणती आहे हे पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव नसेल तर मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. हे केवळ चिनी औषधांचं आहे असंही समजू नका. आपल्याकडे शेताच्या कडेला उगवणारी कीडामारी त्याच ॲरिस्टोलोकिया कुळातली आहे, आणि खाजेसाठी तिचा रस पिणारे लोक आजही आहेत. तीही पोटात घ्यायची नाही.

म्हणून काढा आजपासून बंद. पुड्या फेकू नका, एक पाकीट डॉक्टरांना दाखवायला ठेवा. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), पोटॅशियम, यकृताच्या चाचण्या आणि लघवीची तपासणी करून घ्या. दीड महिन्यात काही झालंच असेल असं नाही, पण इट्राकोनॅझोलचा कोर्स पुढे न्यायचा तर यकृत कसं आहे हे माहीत हवंच.

चिनी वनस्पती बुरशीवर चालतच नाहीत, असं मी म्हणत नाही. हुआंग ल्यान आणि हुआंग बाई यांच्यात बर्बेरिन असतं, तेच आपल्या दारुहळदीत असतं. प्रयोगशाळेतल्या तबकडीत ते बुरशीची वाढ अडवतं. पण तबकडीत थांबलेली बुरशी माणसाच्या जांघेत थांबेल असं नाही, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून ते सगळ्यांना चालतं असंही नाही. सिंगापूरनेच १९७८ मध्ये बर्बेरिनवर बंदी घातली होती, नवजात बाळांना तीव्र कावीळ होण्याच्या भीतीने, आणि ती कित्येक वर्षं होती. घरात कोणी गरोदर किंवा बाळंतीण असेल तर हे ध्यानात ठेवा. चट्ट्यांसाठी चिनी वैद्य बऱ्याचदा बाहेरूनच उपचार करतात. कु शेन या मुळीच्या काढ्याने धुतात, तू जिन पी या सालीचा अर्क लावतात. ती साल पोटात घेतली तर विषारी ठरते. आपल्याकडच्या टाकळ्याच्या बियांचा लेप त्याच प्रकारातला. सौम्य चट्ट्यावर कोणी लावला तर मी भांडणार नाही. पण दोन वर्षं मुरलेल्या, स्टेरॉईडने बिघडलेल्या, दोन्ही जांघांत पसरलेल्या गजकर्णाला तो पुरणार नाही. आणि सोललेल्या कातडीवर तो फार झोंबतो.

मलमाच्या डबीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. तिने दोन दिवसांत चट्टे फिके पडले असतील तर मला आनंद होणार नाही. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी त्वचेसाठी दिली जाणारी ११ चिनी वनस्पती-मलमं तपासली, त्यातल्या ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड निघालं. डबीवर घटक छापलेले नसतील तर ती ट्यूबसोबतच बाजूला ठेवा.

खाण्याच्या तक्त्याबद्दल तुम्हाला नवल वाटेल. तो चिनी नाहीच. यीस्टला उपाशी ठेवायचं, आंबवलेलं, फळं, ब्रेड, अळंबी सगळं वर्ज्य करायचं, ही कल्पना १९८०च्या दशकात अमेरिकेत पसरली. चिनी पथ्यात ओलसर उष्णतेसाठी तळलेलं, तुपट, अति गोड आणि दारू टाळायला सांगतात, कच्चं आणि गार कमी करायला सांगतात, मुगाचं पाणी प्यायला सांगतात. आपल्या आजीनेही साधारण तेच सांगितलं असतं. म्हणजे तुमच्याकडे पुडी चिनी आली आणि तक्ता अमेरिकन. ढोकळा-इडलीचं पीठ ज्या जिवाणूंनी आणि यीस्टने फुगतं, ते वाफेत उकडताना मरतात. ते तुमच्या अंगातली बुरशी नव्हेत आणि तिचं खाद्यही नव्हेत. सकाळी पेल्यातल्या पाण्यात थुंकून बुरशी ओळखायची चाचणी अशा तक्त्यांसोबत येते, तिलाही काही अर्थ नाही.

तेव्हा तुमचं पथ्यात काहीही चुकलेलं नाही, ताई. घरात कोणी म्हणत असेल की नीट पाळलं नाहीस म्हणून बरं वाटत नाही, तर त्यांना हे वाचायला द्या. तुम्ही जे पाळलंत ते कुणाकडूनही पाळवलं जाणार नाही इतकं कडक होतं. खायचं ते मधुमेहाच्या हिशेबाने खा. दोन पोळ्या किंवा एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, भाजी, कोशिंबीर, ताक, दिवसातून एक पेरू किंवा संत्रं. ढोकळा खायचा तर जेवणाच्या जागी दोन-तीन तुकडे, वरची साखरेच्या पाण्याची फोडणी नको. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी, बहुतेकांसाठी सातच्या आसपास ठेवतात, तुमचा किती हवा ते डॉक्टर सांगतील. साखर ताब्यात ठेवणं हेच बुरशीसाठीचं खरं पथ्य.

यजमानांना खाज येते म्हणता, तर त्यांनाही तुमच्यासोबतच दाखवा. एकाने औषध घ्यायचं आणि दुसऱ्याने नाही, असं केलं की गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहतं. टॉवेल, पंचा, साबण वेगळे. आतले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा, उन्हात उलट्या करून वाळवा. पावसाळ्यात ऊन नसलं की शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा, दमट कपडा घडी घालून ठेवू नका. आणि ती परकराची नाडी! रोज त्याच जागी घट्ट आवळलेली, घामाने भिजलेली नाडी हे बुरशीचं हक्काचं घर असतं. रुंद पट्ट्याचा सुती परकर वापरा, किंवा काही महिने सलवार-कुर्ता घाला, तोही सैल. अंघोळीनंतर जांघा आणि कंबर टिपून, पंख्याखाली दोन मिनिटं वाळवून मग कपडे घाला. मेडिकलमधलं मलम लावायचंच तर डॉक्टरांनी लिहिलेलं, चट्ट्यापलीकडे दोन बोटं कातडीवरही लावायचं.

नवरात्राचा उपास यंदा करू नका. डापाग्लिफ्लोझिनची गोळी, दीड महिन्याची उपासमार, आणि त्यावर नऊ दिवस अर्धपोटी राहून घाम गाळणं, याला मी कोणत्याही परिस्थितीत हो म्हणणार नाही. देवीसमोर दिवा लावा, आरती करा, आणि दोन्ही वेळा जेवा. गरब्याचं मात्र नाही म्हणत नाही. कीटोनची तपासणी ठीक आली, मळमळ थांबली, दम लागायचा थांबला, अंगात त्राण आलं, तर अष्टमी-नवमीला तासभर खेळा. जाण्याआधी जेवा, पाण्याची बाटली सोबत ठेवा. चणियाचोळी भाड्याने किंवा मैत्रिणीची नको, स्वतःची हवी, आतून सुती अस्तर लावलेली, आणि नाडी सैल. रात्री कितीही उशीर झाला तरी घामाच्या कपड्यांत झोपू नका. अंघोळ करून, कोरडं होऊन मगच पाठ टेका. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा, यजमानांना घेऊन, आणि तपासण्यांचे कागद मला कळवा.